पणजोबांचं वॉरंट आणि भिंतीवरचा ताम्रपट: दहशतवादी कोण, स्वातंत्र्यसैनिक कोण, हे सरकार ठरवतं तरी कसं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. विचारणारा मुलगा नांदेड जिल्ह्यातला, सध्या पुण्यात शिकतोय. घरी भिंतीवर पणजोबांचा १९७२ सालचा ताम्रपट आहे. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या लोखंडी पेटीत एक उर्दू कागद सापडला, गावातल्या मौलवींकडून वाचून घेतला तर ते निघालं निजामाच्या पोलिसांचं वॉरंट, त्यात पणजोबांना बागी म्हटलंय, मफरूर म्हणजे फरारी म्हटलंय आणि करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा नाका, जाळल्याचा आरोप ठेवलाय. तो विचारतो, माणूस एकच, मग एका सरकारने गुन्हेगार लिहिलं आणि दुसऱ्याने ताम्रपट दिला, हे ठरवतं कोण आणि कशावरून? जो जिंकला त्याचं खरं, एवढंच आहे का यात?

मी औरंगाबाद खंडपीठात तीस वर्षांच्या वर वकिली करतोय. सुरुवातीची बरीच वर्षं मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनच्या रिट याचिका चालवल्या, शेकडो फाइली हाताखालून गेल्या असतील, आणि पुढे यूएपीएच्या, म्हणजे दहशतवादाविरुद्धच्या कायद्याच्या, जामिनाची कामंही आली, तीही घेतली. त्यामुळे हे दोन्ही शब्द माझ्या टेबलावर रोज आलेत, एकाच कपाटात दोन्हीकडच्या फाइली असायच्या. म्हणून जरा लांबलचक लिहितो, कंटाळू नकोस.

आधी पेन्शनचं समजून घे, कारण स्वातंत्र्यसैनिक हा शब्द आपण आदराने वापरतो पण सरकार दरबारी त्याचा अर्थ अगदी रोकडा आहे, अमुक अटीत बसणारा अर्जदार. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्राने ही योजना आणली, ताम्रपटही तेव्हाचेच. महिना २०० रुपये पेन्शन, आणि तीही वर्षाचं उत्पन्न ५ हजाराच्या आत असेल तरच. १९८० मध्ये उत्पन्नाची अट गेली आणि नाव बदलून सन्मान पेन्शन झालं, म्हणजे मदत नव्हे तर मान, असा त्यामागचा विचार. अटी काय? सहा महिने तुरुंग, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने. किंवा सहा महिने भूमिगत, पण भूमिगत म्हणजे रानात लपून बसला एवढं पुरत नाही, फरारी जाहीर झालेला पाहिजे, नाहीतर पकडून देणाऱ्याला इनाम लागलेलं पाहिजे, नाहीतर स्थानबद्धतेचा हुकूम निघून तो बजावता आलेला नसला पाहिजे. किंवा तडीपारी, घरदार-जमिनीची जप्ती, गोळीबारात कायमचं अपंगत्व, सरकारी नोकरी गेलेली, दहा फटक्यांची शिक्षा.

आता या अटी परत एकदा वाच. एकाही ठिकाणी 'तू काय केलंस' असं विचारलेलं नाहीये. सगळीकडे विचारलंय ते, की त्या वेळच्या सरकारने तुझं काय केलं. नाका जाळला का, तार तोडली का, कुणाला मारलं का, नुसता झेंडा लावला का, याला त्या फॉर्ममध्ये कॉलमच नाही. मला हे कळायला वकिलीची चार-पाच वर्षं गेली, आणि कळलं त्या दिवशी मी बराच वेळ तो फॉर्म हातात धरून बसलो होतो.

यातून पुढची गोष्ट आपोआप येते. पुरावा कुठला सगळ्यात भारी? शत्रूचा. जेलरचा दाखला, कोर्टाचा निकाल, पकड वॉरंट, इश्तिहारी मुजरिम म्हणून काढलेलं जाहीर पत्रक. तुझ्या पणजोबांना बागी म्हणणारा तो कागद हाच त्यांच्या स्वातंत्र्यसैनिक असण्याचा पहिल्या नंबरचा पुरावा आहे, ताम्रपट त्याच्या नंतर. ज्या कागदाने त्यांना गुन्हेगार ठरवलं तोच कागद पंचवीस वर्षांनी दुसऱ्या खिडकीत दिला की पेन्शन मंजूर. असा एक कागद मिळावा म्हणून माझे अशील हैदराबादच्या पुराभिलेखागारात महिनोन्महिने खेटे घालायचे रे, रेकॉर्ड उर्दूत, तारखा निजामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सनातल्या, वाचणारा माणूस मिळायचा नाही, मिळाला तर भाषांतरावर सही करायला तयार नसायचा.

आणि ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांचं काय झालं ते मी बघितलंय. परभणी जिल्ह्यातले एक आजोबा होते, हद्दीपलीकडच्या कॅम्पात होते १९४७-४८ ला. तुला माहीत असेल, देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला पण मराठवाडा पुढे तेरा महिने निजामाकडेच होता, स्टेट काँग्रेसवर तर १९३८ पासूनच बंदी आली होती, मग स्वामी रामानंद तीर्थांच्या माणसांनी मुंबई प्रांताच्या आणि वऱ्हाडाच्या हद्दीत कॅम्प काढले आणि तिथून रात्री आत शिरून करोडगिरी नाके जाळायचे, शिंदीची झाडं तोडायची, पोलीस चौक्यांवर जायचं, असं चालायचं. आजोबा कधी पकडले गेले नाहीत. म्हणजे काम चोख केलं म्हणून पुरावा नाही! कलेक्टर ऑफिसने 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असा दाखला दिला, तेवढ्यावर भागत नाही, सोबतच्या जुन्या, तुरुंग भोगलेल्या स्वातंत्र्यसैनिकांची शपथपत्रं लागतात, आणि तोपर्यंत ती माणसं एकेक करून गेलेली. कॉरिडॉरमध्ये मला म्हणाले, "साहेब, निजामाच्या पोलिसानं मला चोर म्हणून जरी लिहिलं असतं तरी चाललं असतं, कुठंतरी नाव तर राहिलं असतं." मी ती केस हरलो. सहा महिन्यांनी आजोबा गेले. आजही ते वाक्य आठवलं की मला बेचैन व्हायला होतं.

बायकांचं तर त्याहून वाईट. कॅम्पात भाकऱ्या भाजणाऱ्या, लुगड्यात चिठ्ठ्या आणि काडतुसं नेणाऱ्या बायकांची नावं निजामाच्या पोलिसांना माहीतच नव्हती, वॉरंट कुठून निघणार. एका सरकारने ज्यांना धोका मानलं नाही त्यांना दुसऱ्या सरकारनेही सैनिक मानलं नाही. माझ्याकडे आलेल्या अर्जांत बायका होत्या त्या बहुतेक विधवा म्हणून, नवऱ्याच्या नावावर.

कोर्टांनी यात जमेल तेवढं केलं, हे सांगायला पाहिजे. मुकुंदलाल भंडारी केसमध्ये १९९३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अर्ज उशिरा आला म्हणून फेकू नका, आणि २००१ च्या गुरदयाल सिंग केसमध्ये सांगितलं की हा फौजदारी खटला नव्हे, संशयापलीकडचा पुरावा मागू नका, शक्याशक्यता बघा. पण दार सैल केलं की भलतेही शिरतात. बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण इतकं वाढलं की ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि निवृत्त न्यायमूर्ती पालकरांना चौकशीला नेमावं लागलं. शाळेच्या दाखल्याप्रमाणे पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या तेव्हा, जो मुलगा दुसरी-तिसरीत असेल त्याची भूमिगत म्हणून फाइल मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय. त्याचा राग मला पैशासाठी येत नाही, त्या परभणीच्या आजोबांसाठी येतो.

हे झालं माणसाचं. पण त्याच्या आधी एक पायरी असते, ती म्हणजे लढा मान्य आहे का नाही. केंद्राच्या गृहखात्याकडे मान्य चळवळींची यादी आहे. बेचाळीसची चळवळ, आझाद हिंद सेना, १९४६ चं नौदलाचं बंड, गोवा मुक्ती, हैदराबाद मुक्ती, अशी. या यादीत सगळं काही पहिल्या दिवसापासून नव्हतं. आर्य समाजाचा १९३८-३९ चा हैदराबादचा सत्याग्रह नंतर आला, सीमेवरचे कॅम्प ऐंशीच्या दशकात, आणि त्यातही कुठला कॅम्प मान्य आणि कुठला नाही याची वेगळी यादी, म्हणजे शेजारच्या दोन गावांतल्या दोन माणसांनी एकच काम केलं पण एकाचा कॅम्प यादीत आणि दुसऱ्याचा नाही. केरळातल्या पुन्नप्रा-वायलारला, तो १९४६ चा कम्युनिस्टांचा उठाव, केंद्राची मान्यता मिळायला पन्नास वर्षं लागली. १९२१ च्या मोपला बंडाला मान्यता मिळाली, लोकांना पेन्शनी मिळाल्या, आणि बरोबर शंभर वर्षांनी, २०२१ ला, इतिहास संशोधन परिषदेच्या समितीने हुतात्म्यांच्या कोशातून ती नावं काढायची शिफारस केली. चौरीचौरा घे, ४ फेब्रुवारी १९२२ ला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, आतले बावीस पोलीस जळून मेले, गांधीजींनी आख्खं असहकार आंदोलन थांबवलं, १७२ जणांना फाशी सुनावली गेली आणि अपिलात कमी होऊन १९ जण फासावर गेले. आज तिथे मेलेल्या पोलिसांचंही स्मारक आहे आणि फाशी गेलेल्यांचंही. दोन्ही सरकारी. म्हणजे यादी ही कायम उघडी असते, दिल्लीत कोण बसलंय, कुठल्या भागाची मतं लागतात, कुठला खासदार किती वर्षं पाठपुरावा करतो, यावर नावं चढतात आणि उतरतातही.

आता दुसऱ्या फाइलीकडे येऊ.

दहशतवादी हा शब्द आपल्याकडे कायद्यात इंग्रजांनी आणला आणि तो आपल्याच लोकांसाठी आणला, हे विसरू नकोस. क्रांतिकारकांच्या चौकशीसाठी इंग्रजांनी नेमलेल्या रौलट कमिटीच्या १९१८ च्या रिपोर्टची सुरुवातच आपल्याकडे होते, पुण्याच्या चापेकरांनी २२ जून १८९७ ला प्लेगचा अधिकारी रँडला मारलं तिथून. त्यातून १९१९ चा रौलट कायदा आला, त्याच्या इंग्रजी नावात अराजक आणि क्रांतिकारी गुन्हे असे शब्द होते. १९३२ ला बंगालात जो कायदा केला त्याचं तर नावच बंगाल सप्रेशन ऑफ टेररिस्ट आउटरेजेस ॲक्ट. राजगुरू, ज्यांच्या नावाने आज खेडचं राजगुरूनगर झालंय, त्यांना भगतसिंग आणि सुखदेवांबरोबर ज्या ट्रिब्युनलने फाशी दिली ते खास वटहुकूम काढून बनवलेलं होतं, त्याच्या निकालावर हायकोर्टात अपील नव्हतं.

स्वतंत्र भारतात टाडा हा दहशतवादाविरुद्धचा कायदा आला १९८५ ला, तो १९९५ ला संपला, मग तसाच २००२ चा पोटा, तो २००४ ला रद्द झाला, आणि त्यातलं बरंच काही उचलून १९६७ च्या यूएपीएत घातलं. २६/११ नंतर २००८ ला तो अजून कडक झाला. या कायद्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये तिन्हींची खिचडी करतात, तेवढी तू करू नकोस.

एक म्हणजे कृत्य. कलम १५ सांगतं दहशतवादी कृत्य म्हणजे काय. बॉम्ब, बंदूक, स्फोटकं वगैरे वापरून देशाची एकता, अखंडता, सुरक्षा, आर्थिक सुरक्षा, सार्वभौमत्व यांना धोका पोचवायच्या इराद्याने, किंवा लोकांत दहशत बसवायच्या इराद्याने, किंवा तसं होण्याची शक्यता असेल अशा रीतीने, माणसं मारणं, जखमी करणं, मालमत्तेचं नुकसान करणं. हे कोर्टात सिद्ध व्हावं लागतं, साक्षीपुरावे होतात. दुसरी म्हणजे संघटना, तिच्यासाठी पहिलं परिशिष्ट. तिसरी २०१९ ची दुरुस्ती, त्यात एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करता येतं, त्यासाठी चौथं परिशिष्ट. ४ सप्टेंबर २०१९ ला त्यात पहिली चार नावं पडली, मसूद अझहर, हाफिज सईद, लखवी आणि दाऊद. या चार नावांबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही, मुंबईतल्या माणसाला तर अजिबात नसेल. पण पद्धत बघ. कलम ३५ म्हणतं की केंद्र सरकारला तसं 'वाटलं' तर नाव टाकता येतं. आधी नोटीस नाही, सुनावणी नाही, खटला नाही. नाव काढायचं असेल तर अर्ज कुणाकडे? त्याच केंद्र सरकारकडे. त्यांनी नाकारला तर रिव्ह्यू कमिटी, अध्यक्ष हायकोर्टाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, पण कमिटी नेमणार परत सरकारच. याच कायद्यात संघटना नुसती 'बेकायदेशीर' ठरवायची असेल तर सहा महिन्यांच्या आत हायकोर्टाच्या न्यायमूर्तीच्या ट्रिब्युनलने ते तपासावं लागतं, आणि त्याहून जड शिक्का, 'दहशतवादी', त्याला मात्र ही पायरी नाही.

आता दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवून बघ. परभणीच्या त्या आजोबांनी स्वातंत्र्यसैनिक म्हणवून घ्यायला कॅम्पाचं सर्टिफिकेट, शपथपत्रं, रेकॉर्ड नसल्याचा दाखला, जिल्हा समिती, मंत्रालय, दिल्ली, हायकोर्ट, एवढं सगळं केलं आणि पुरावा अपुरा म्हणून हरले. दहशतवादी म्हणून यादीत नाव घालायला मात्र सरकारला वाटणं पुरतं. मान द्यायचा तर संशय घेऊन घेऊन तपासायचं आणि कलंक लावायचा तर नुसत्या विश्वासावर, हे उलटं आहे, आणि हे मी आरोपींचा वकील म्हणून बोलत नाहीये, पेन्शनवाल्यांचा वकील म्हणून बोलतोय.

आणि यूएपीएखाली आत असलेले बहुतेक लोक या चौथ्या परिशिष्टातले नसतातच, ते फक्त आरोपी असतात. पण कलम ४३ड च्या उपकलम ५ मुळे आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन मिळत नाही, चार्जशीटलाच १८० दिवस मिळू शकतात, आणि तोपर्यंत पेपरात नावापुढे दहशतवादी लागलेलं असतं. मालेगावच्या ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटात पकडलेले नऊ जण जवळपास पाच वर्षं आत होते आणि २०१६ ला कोर्टाने त्यांना आरोपातून मुक्त केलं. त्याच गावातल्या २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात जुलै २०२५ ला सगळे सातही आरोपी सुटले. वेगळ्या धर्माचे, वेगळ्या बाजूचे आरोपी, तपास यंत्रणा एकमेकींच्या विरुद्ध बोललेल्या. आणि मालेगावात जी माणसं मेली त्यांच्या घरच्यांना आजही माहीत नाही की कुणी मारलं. शिक्का घाईने मारला की हे असं होतं, निरपराध माणूस आत जातो तो जातोच, वर खरा मारेकरी सापडायची वेळ निघून जाते.

तुझा मुख्य प्रश्न, जो जिंकला त्याचंच खरं का. अर्धं खरं आहे. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या शेजारचंच, तेलंगण. तिथली कम्युनिस्टांची दलं १९४६ पासून जमीनदार, रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या, आणि निजामाच्या पोलिसांशी लढत होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण आला. दलांनी बंदुका ठेवल्या नाहीत, ऑक्टोबर १९५१ पर्यंत लढत राहिले, या वेळी समोर भारत सरकार. तोच माणूस, तीच बंदूक, तेच जंगल, १७ सप्टेंबरच्या अलीकडचा काळ स्वातंत्र्यलढा आणि पलीकडचा काळ देशाविरुद्ध बंड. आणि लगेच पुढच्या पहिल्या निवडणुकीत त्यांचेच रवी नारायण रेड्डी नलगोंड्यातून उभे राहिले आणि नेहरूंपेक्षा जास्त मतं घेऊन लोकसभेत गेले! पक्षावर तिथे बंदी होती म्हणून वेगळ्या नावाने उभे राहावं लागलं. मिझोरामचं बघ, लालडेंगांच्या मिझो नॅशनल फ्रंटने १९६६ ला भारतापासून फुटून स्वातंत्र्य जाहीर केलं, आपल्या विमानांनी आयझॉलवर बॉम्ब टाकले, वीस वर्षं ते बंडखोर, आणि ३० जून १९८६ ला करार झाला आणि ऑगस्टमध्ये तेच लालडेंगा मुख्यमंत्री. यात जिंकलं कुणीच नाही, दोन्ही बाजू टेबलावर आल्या आणि शब्द बदलला. माझ्या मते आपल्या देशाने केलेल्या शहाणपणाच्या गोष्टींमध्ये हा करार फार वर आहे.

बाहेरच्या जगाचं थोडक्यात सांगतो. मंडेला आणि त्यांची एएनसी, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारी संघटना, अमेरिकेच्या दहशतवाद्यांच्या यादीत २००८ पर्यंत होती, म्हणजे ते राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, नोबेल मिळून पंधरा वर्षं झाली तरी. जेरुसलेमचं किंग डेव्हिड हॉटेल २२ जुलै १९४६ ला उडवून ९१ माणसं मारणाऱ्या इर्गुन या ज्यूंच्या सशस्त्र संघटनेचे म्होरके मेनाकेम बेगिन, ते १९७७ ला इस्राएलचे पंतप्रधान झाले. संयुक्त राष्ट्रांत दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या आजतागायत नाही. सर्वंकष कराराचा मसुदा भारतानेच १९९६ ला मांडला, तो अडकला तो याच प्रश्नावर, परकीय ताब्याखाली असलेल्या लोकांचा सशस्त्र लढा त्यातून वगळायचा का, आणि सरकारी सैन्याने केलेलं त्यात धरायचं का. ९/११ नंतर सुरक्षा परिषदेने १३७३ नंबरचा ठराव करून सगळ्या देशांना दहशतवादाविरुद्ध कायदे करा म्हणून बांधलं, पण दहशतवाद म्हणजे काय ते त्यात लिहिलंच नाही, मग प्रत्येक सरकारने आपापल्या सोयीने लिहून घेतलं.

आपण स्वतः दोन्ही बाजूंना उभे राहिलोय. गोव्यात आझाद गोमंतक दल पोर्तुगीजांच्या चौक्यांवर हल्ले करायचं, सांगलीचे मोहन रानडे बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन १९५५ ला पकडले गेले, पोर्तुगालच्या तुरुंगात ठेवले आणि गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाल्यावरसुद्धा त्यांना सुटायला १९६९ उजाडलं. लिस्बनच्या लेखी ते गुन्हेगार, आपल्या लेखी पुढे पद्मश्री. आणि गोव्यात सैन्य घातलं म्हणून सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्धच्या ठरावाला सात मतं पडली होती, सोव्हिएत युनियनच्या व्हेटोने तो पडला. वसाहतवादाविरुद्धच्या लढ्यांना युद्धाचा दर्जा देणारा १९७७ चा जिनिव्हा प्रोटोकॉल आहे, पण त्यावर भारताची सही नाही. कारण उघड आहे, तेच कलम उद्या ईशान्येतलं किंवा काश्मीरमधलं कुणी आपल्याला दाखवेल.

मग सगळंच सोयीचं आहे का? नाही, आणि इथे मला ठामपणे बोलायचंय. उद्देश कितीही मोठा असो, मी एकच प्रश्न विचारतो, हत्यार कुणावर उगारलं होतं. साताऱ्याच्या प्रतिसरकारने ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची गाडी लुटली, मराठवाड्यात जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली, ती रक्कम लढ्याच्या समितीकडे जमा झाली असं मी जुन्या लोकांकडून कायम ऐकत आलोय. भाई कोतवाल, तेही वकीलच, माथेरानचे, विजेचे मनोरे पाडत होते, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर मारले गेले. आजच्या कलम १५ मध्ये ही तिन्ही कामं आरामात बसतील, आर्थिक सुरक्षा हा शब्द आहेच त्यात. तरीही मी त्यांना दहशतवादी म्हणणार नाही, कारण निशाणा राज्याच्या तिजोरीवर आणि यंत्रणेवर होता, आठवडी बाजारात आलेल्या माणसांवर नव्हता, आणि लोकांना दुसरा कुठला रस्ता, मत, कोर्ट, वर्तमानपत्र, त्या सरकारने शिल्लक ठेवला नव्हता. लोकलच्या डब्यात बॉम्ब ठेवणाऱ्याला हे लागू होत नाही, त्याचं दुःख कितीही खरं असलं तरी.

आणि हाच प्रश्न आपल्या माणसांनाही विचारावा लागतो. रझाकार या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक, निजामाच्या लेखी ते राज्याचे रक्षक होते, आणि त्यांनी गावंच्या गावं जाळली, माणसं कापली, हे मराठवाड्यातल्या घराघरात माहीत आहे. पण पोलीस ॲक्शननंतर काय झालं ते घराघरात सांगितलं जात नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलालांची कमिटी पाठवली, तिचा अंदाज होता की संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात वाईट हाल झाले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. तो रिपोर्ट कित्येक दशकं दाबून ठेवला. त्या कत्तलीत हात असलेला कुणी पुढे कॅम्पाचं सर्टिफिकेट घेऊन माझ्यासारख्या वकिलाकडे आला असेल का? आला असेल तर त्याला अडवणारी एकही अट योजनेत नव्हती, कारण वर सांगितलं तसं, 'तू काय केलंस' हा प्रश्नच फॉर्मवर नव्हता. मी चालवलेल्या केसेसमध्ये मीही तो कुणाला विचारला नाही. विचारायला पाहिजे होता असं मला आता वाटतं.

तुझ्या पणजोबांचं म्हणशील तर वॉरंटमध्ये नाका जाळल्याचाच आरोप आहे, माणूस मेल्याचा उल्लेख नाही, असं तू लिहिलंयस. तरी पूर्ण कागद एखाद्या चांगल्या उर्दू जाणकाराकडून ओळ न् ओळ वाचून घे, मौलवींनी मुद्द्याचं तेवढं सांगितलं असेल. तारीख बहमन १३५७ फसली अशी असेल तर ती साधारण डिसेंबर १९४७, निजामाच्या राज्यात फसली साल ऑक्टोबरला आजूर महिन्याने सुरू व्हायचं. कागद लॅमिनेट करू नकोस, खराब होतो, बटर पेपरमध्ये ठेव आणि स्कॅन काढ. मग नांदेडच्या कलेक्टर ऑफिसात पणजोबांच्या पेन्शनच्या फाइलची नक्कल माहिती अधिकारात माग, त्यात त्यांचा स्वतःचा अर्ज असेल, त्यांनी काय केलं ते त्यांच्या शब्दांत कदाचित तिथेच मिळेल, आणि ज्यांनी शपथपत्रं दिली त्यांची नावंही. आणि हो, वॉरंटची मागची बाजू बघायला विसरू नकोस, बजावणीला गेलेला पोलीस तिथे शेरा मारायचा. मिळून आला नाही असे शेरे एकापेक्षा जास्त असतील तर त्यांच्या तारखा लावून बघ, पणजोबा किती महिने घराबाहेर होते ते तुला तिथेच कळेल.